फुलवेलींची ओळख व लागवड

वेल म्हणजे काय, असें कोणीं विचारल्यास “जी वर चढते ती” एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. पण ती चढते कशी, हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर ज्यास देतां येईल, त्यास वेल ओळखतांही येईल आणि वाढवितांही येईल.

एका पावसाळ्यांत आम्हीं वर्गाच्या गुळगुळीत भिंतीशीं कृष्णकमळाची वेल लाविली. खतपाणी यथास्थित असूनही ती जमिनीवर लोळत राहिली. दोष वेलीचा नव्हता; तिला धरावयास आम्हीं कांहींच दिलें नव्हतें. भिंतीवर सुतळीची जाळी बांधल्यावर ती वर सरकूं लागली.

चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८६५ सालीं वेलींच्या चढण्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. हॉप नांवाच्या वेलीचा शेंडा उष्ण दिवसांत सुमारें २ तास ८ मिनिटांत एक फेरा पुरा करितो, असें त्यानें मोजून पाहिलें. हा शेंडा जणूं आधारच चांचपीत असतो. आपल्या बागेंतील बहुतेक फुलवेली पुढील तीन वर्गांत बसतात.

पहिला वर्ग वेटोळे घालणाऱ्या वेलींचा. गोकर्ण व गणेशवेल यांचें खोडच आधाराभोंवतीं गुंडाळत जातें. गोकर्णाचें फूल निळें किंवा पांढरें, गाईच्या कानाच्या आकाराचें असतें. गणेशवेलीचें फूल लहान लाल चांदणीसारखें व पान पिसासारखें चिरलेलें असतें. यांस बारीक काठी किंवा दोरी पुरते. गोकर्णाचें बीं टणक असल्यामुळें तें रात्रभर भिजवून जूनमध्यें पेरावें.

दुसरा वर्ग तणाव्यांनीं चढणाऱ्या वेलींचा. कृष्णकमळाच्या पानाच्या बगलेंतून हिरवा तंतु निघतो व आधार लागतांच मळसूत्राप्रमाणें वळतो, हाच तणावा. संक्रांतीच्या सुमारास नारिंगी फुलांनीं लदणारी संक्रांतवेल याच वर्गांतली. जाड खांब तणाव्यांस कवटाळतां येत नाहीं. यांस तार किंवा जाळीच हवी.

तिसरा वर्ग कांट्यांच्या आधारें रेलणाऱ्या वेलींचा. मधुमालतीच्या पानांचे जुने देंठ कांटे होऊन राहतात. तिचीं फुलें संध्याकाळीं पांढरीं उमलतात, मग गुलाबी व शेवटीं लाल होतात. म्हणून एकाच घोसांत तिन्ही रंग दिसतात. बोगनवेलीचा रंग मात्र फुलांचा नसून भोंवतालच्या पानांचा आहे. खरें फूल आंतील लहानशी नळी होय. बोगनवेल फांटा लावून येते. तिला भरपूर ऊन व बेताचें पाणी द्यावें आणि बहर सरल्यावर छाटावें. या वेली आपण होऊन घट्ट धरीत नाहींत. त्या बांधाव्या लागतात.

आतां एक सावधगिरीची गोष्ट. पावसाळ्यांत कोंकणच्या कुंपणांवर कळलावी फुलते. पाकळ्या सहा, नागमोडी, वर वळलेल्या, पिवळ्या व लाल. पण फूल नसतांनाही ती ओळखतां येते. तिच्या पानाचें टोंकच तणाव्यासारखें वळलेलें असतें. तिचे सर्व भाग विषारी आहेत, आणि कंद सर्वांत अधिक. तो खाण्याचा कंद समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. तेव्हां अनोळखी वेलीचा कंद घरीं नेण्यापूर्वीं तिच्या पानाचें टोंक अवश्य पाहावें.