सर्व हक्क लेखकाधीन : प्रताधिकार कायद्याची ओळख

मराठी पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर, प्रकाशकाच्या पत्त्याच्या आणि आवृत्तीच्या तपशिलाच्या आसपास, ‘सर्व हक्क लेखकाधीन’ किंवा ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ अशी एक ओळ बहुधा असते. वाचकाची नजर तिच्यावरून सहज पुढे सरकते. परंतु लेखकाच्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडणार आणि त्याच्या पश्चात वारसांच्या हाती काय उरणार, याचा निवाडा त्या ओळीमागील व्यवहारात झालेला असतो. हा व्यवहार ज्या हक्काचा, त्याला इंग्रजी वळणाने कॉपीराइट आणि मराठीत प्रताधिकार किंवा स्वामित्वहक्क म्हणतात. कलाकृतीच्या प्रती काढण्याचा, ती प्रकाशित करण्याचा, तिचा प्रयोग वा प्रक्षेपण करण्याचा, तिचे भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा अनन्य अधिकार म्हणजे प्रताधिकार, आणि भारतात त्याचे नियमन २१ जानेवारी १९५८ पासून अमलात असलेल्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याने होते.

साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्र-शिल्पादी कला यांतील स्वतंत्र निर्मिती, तसेच चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांना हा कायदा संरक्षण देतो. मात्र हे संरक्षण कल्पनेला नसून तिला लाभलेल्या मूर्त रूपाला असते. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळला, तेव्हा कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते, हे तत्त्व स्पष्ट झाले. अफजलखानाच्या वधाचा प्रसंग त्यामुळे कोणत्याही कादंबरीकाराला रंगवता येतो. परंतु दुसऱ्याने त्यासाठी रचलेले संवाद आणि केलेली वर्णने त्याला परवानगीवाचून उचलता येत नाहीत.

हा हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागते, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. कृती निर्माण होताच हक्कही आपोआप निर्माण होतो; नोंदणी ऐच्छिक असून तिचा उपयोग मुख्यतः वादप्रसंगी पुरावा म्हणून होतो. या हक्काचा पहिला मालक सामान्यतः कृतीचा कर्ताच असतो. यास महत्त्वाचा अपवाद नोकरीचा : वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा ठरतो.

आर्थिक हक्कांच्या जोडीला कायदा निर्मात्याचे दोन नैतिक हक्कही मानतो : कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा. हे हक्क आर्थिक हक्क विकल्यानंतरही कर्त्याकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले कांस्य भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची नासधूस झाल्याची तक्रार घेऊन शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले, तेव्हा शिल्प सरकारच्या मालकीचे असूनही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष शिल्पकाराला परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

समाजाच्या बाजूनेही कायद्याने दोन दारे उघडी ठेवली आहेत. पहिले दार न्याय्य वापराचे : खासगी अभ्यास व संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन अशा कारणांसाठी कृतीचा रास्त प्रमाणातील वापर परवानगीवाचून करता येतो. दुसरे दार मुदतीचे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो; पूर्वी ५० वर्षांची असलेली ही मुदत, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येत असताना, १९९२ च्या दुरुस्तीने वाढवण्यात आली. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले असल्याने ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणून १९५१ मध्ये निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या १९५२ च्या काव्यसंग्रहावरील हक्क २०१२ च्या अखेरपर्यंत टिकला. पु. ल. देशपांडे यांचे २००० मध्ये निधन झाले असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत अबाधित राहील.

आपोआप मिळणारा हा हक्क हातचा जातो तो मात्र बहुधा एका सहीने. प्रताधिकार हा अनेक हक्कांचा जुडगा असल्यामुळे पुस्तक छापण्याचा हक्क एकाला, भाषांतराचा दुसऱ्याला आणि चित्रपटाचा तिसऱ्याला देता येतो. याची जाणीव नसलेला नवोदित लेखक पहिल्या पुस्तकाच्या आनंदात ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांखाली संपूर्ण जुडगा देऊन बसतो. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याखेरीज वैध ठरत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने, कराराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेले माध्यम स्पष्ट उल्लेखावाचून करारात येणार नाही, अशी तरतूद केली, आणि चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा समान वाटा सोडून देण्यास भाग पाडणारे करार निरर्थक ठरवले.

ही कवचे मोलाची असली, तरी करारात मुदत, प्रदेश आणि माध्यम स्पष्टपणे लिहून घेतलेले असतील तेथे त्यांचा आधार फारसा उरत नाही. मग मृत्यूनंतरच्या साठ वर्षांचे उत्पन्न लेखकाच्या घरी न येता दुसऱ्याच्या दारी जाते. म्हणून हस्तलिखिताचे मुद्रितशोधन ज्या काळजीने केले जाते, त्याच काळजीने करारपत्राचे प्रत्येक कलम वाचणे, आणि नेमका कोणता हक्क किती काळासाठी दिला जात आहे हे सही करण्यापूर्वी लिहून घेणे, हे प्रत्येक लेखकाचे स्वतःच्या लेखनाप्रति आणि घरच्यांप्रति कर्तव्य आहे.