साष्टीतील शेवटचा जलसा : सोंगाच्या खेळातील मेजवानी कशी आखावी



अंधेरीच्या पूर्वेस मरोळच्या बाजूला सीप्झच्या आवारात एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. जेझुइट पाद्र्यांनी ते इ. स. १५७९ मध्ये बांधिले. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कन मठाच्या भिंती अद्यापि दिसतात. ज्या भूमीवरून आपण रोज शाळेस येतो, ती साष्टी एके काळी पोर्तुगीज उमरावांच्या व धर्मसंघांच्या ताब्यात होती, आणि तिचे सूत्र वसईच्या कोटातून हालत असे. इ. स. १५३४ पासून इ. स. १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, हा अंमल चालला. त्याच्या अखेरच्या दिवसांतील एका कल्पित रात्रीविषयी, आणि ती रात्र खेळाच्या रूपाने उभी करावयाची झाल्यास तिची आखणी कशी करावी याविषयी, मी आज लिहिणार आहे.

हा खेळ म्हणजे काय?

इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळगडी एकेका पात्राचे सोंग घेतो, व त्या पात्राने काय बोलावे, काय करावे हे स्वतःच ठरवितो. ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकितात. एक जण सूत्रधार असतो. तो जग वर्णन करितो, इतर सर्व पात्रे बोलतो आणि न्याय करितो. नाटकात व ह्यात मुख्य भेद हा की, नाटकातील संवाद आधी लिहिलेले असतात. येथे शेवट काय होईल हे सूत्रधारासही ठाऊक नसते.

फाश्यांचे नाव काढिताच कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल, हे मी जाणून आहे. परंतु येथे पैज नाही, पैसा नाही. फासा केवळ संभवाचे माप आहे. सोंग घेणे हेही आपल्या देशास नवे नाही. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधव एस्तेर राणीच्या स्मरणार्थ जो पुरीमचा सण पाळीत, त्यास ते ‘होळीचा सण’ म्हणत. गोव्यात उपवासकाळापूर्वी इंत्रुज साजरा होतो, त्यातही सोंगे असतातच.

जलसाच का निवडावा?

लढाईचा प्रसंग खेळात सोपा असतो. शत्रू समोर दिसतो. मेजवानीत शत्रू शेजारीच बसलेला असतो व पानसुपारी पुढे करितो. पवित्र शास्त्रात ज्या मेजवान्यांचे वर्णन आहे त्या पाहा. अहश्वेरोश राजाने एकशे ऐंशी दिवस आपले वैभव दाखविले व वर सात दिवसांची मेजवानी दिली. पुढे एस्तेरने दोन भोजने दिली, आणि दुसऱ्या भोजनातच हामानाचा निकाल लागला. बेलशस्सराने मंदिरातील पात्रांतून मद्य प्याले, आणि त्याच रात्री त्याचे राज्य गेले. हेरोदाच्या वाढदिवशी एका नृत्याची किंमत योहानाने आपल्या प्राणांनी दिली. तिन्ही ठिकाणी अन्नवस्त्रांचे वर्णन थोडे आहे. महत्त्व आहे ते यजमान काय लपवितो व पाहुणे काय मागतात यास.

एक फसलेला प्रयत्न

प्रथम मी जेव्हा विद्यार्थ्यांकरिता असा जलसा मांडिला, तेव्हा सारी शक्ती शोभेवर खर्च केली. झुंबरे, मखमल, वाद्ये, पक्वान्ने यांचे दोन पाने वर्णन लिहून वाचून दाखविले. मुलांनी कौतुकाने ऐकिले आणि अर्ध्या घटकेत ती कंटाळली. एका मुलीने नम्रपणे विचारिले, “सर, आता आम्ही करावयाचे काय?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोणासच काही हवे नव्हते, म्हणून कोणासच काही करावयाचे नव्हते. पुढील सर्व नियम त्या प्रश्नातून निघाले आहेत.

१. रात्र व स्थळ

काळ ठरवावा तो मोडण्याच्या काठावरचा. मी इ. स. १७३७ च्या ५ मार्चची रात्र निवडिली. त्या वर्षी राखेचा बुधवार ६ मार्चला होता, म्हणजे उपवासकाळापूर्वीची ही शेवटची रात्र. त्यानंतर सुमारे महिन्याभरात मराठ्यांनी ठाणे घेतले व साष्टी पोर्तुगीजांच्या हातून गेली. ठाण्याचा किल्ला त्यांनी बांधावयास घेतला होता, परंतु हल्ला झाला तेव्हा तो पुरा झालेला नव्हता. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचा तुरुंग आहे. त्या रात्री वसईस जलसा झाला असे मी म्हणत नाही. जलसा व त्यातील पात्रे कल्पित आहेत, पण नगर व त्याचे संकट खरे आहे.

वाड्याचा नकाशा फळ्यावर काढावा. इ. स. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य वसईस आला होता. त्याने तेथील दुमजली घरे, आच्छादित छज्जे आणि काचांऐवजी शिंपल्यांची तावदाने लाविलेल्या मोठ्या खिडक्या यांचे वर्णन केले आहे. तेवढ्यावरून पाच स्थळे मिळतात : नृत्याचा दिवाणखाना, जेथे सर्व ऐकू जाते, छज्जा, जेथे दोघांनाच बोलता येते, खासगी प्रार्थनामंदिर, जेथे खोटे बोलणे जड जाते, स्वयंपाकघर, जेथे खऱ्या बातम्या असतात, आणि दरवाजा, जेथून आत येण्याची वाट कोणीतरी पाहत असतो. प्रत्येक स्थळाचा उपयोग निराळा असावा. नुसत्या खोल्या वाढवून लाभ नाही.

२. पात्रे

आठ पात्रे पुरेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तीनच ओळी लिहाव्या : मला आज काय हवे आहे, मी काय लपवीत आहे, मला कशाचे भय आहे. उदाहरणार्थ, यजमान उमरावास आपल्या कन्येचा विवाह जुळवावयाचा आहे. जलशाचा खर्च त्याने कर्ज काढून केला आहे, हे तो लपवितो. किल्ल्याच्या बांधकामावरील अधिकाऱ्यास आणखी रक्कम हवी आहे. पहिली रक्कम कोठे गेली ते तो सांगू शकत नाही. मुंबईहून आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यास माल विकावयाचा आहे. संकटात साह्य देण्याची त्याची इच्छा नाही. हे शेवटचे पात्र इतिहासास धरूनच आहे. पुढे वसईच्या वेढ्यात पोर्तुगीजांनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हा चर्चमधील रुप्याची भांडी व काही पितळी तोफा तारण घेऊन त्यांनी १५,००० रुपये कर्जाऊ दिले.

एकाची गरज दुसऱ्याच्या गुपितास जाऊन भिडेल अशी चिठ्ठ्यांची गुंफण करावी. अधिकाऱ्याने खाल्लेली रक्कम यजमानानेच घेतली असेल, तर दोघांस एकमेकांवाचून गत्यंतर नाही आणि एकमेकांवर विश्वासही नाही. अशा जोडीस सूत्रधाराने काही शिकवावे लागत नाही. ती आपोआप बोलू लागते.

३. दरवाज्याबाहेरची माणसे

उमरावांचा ऱ्हास दाखवावयाचा म्हणजे मद्यपान व बीभत्स चाळे दाखवावे, असा समज आहे. तो चुकीचा आहे, आणि शाळेत तर तसे दाखविण्याचे कारणच नाही. सत्ताधाऱ्यास अधिकार आठवतो व कर्तव्य विसरते, तेथे ऱ्हासास आरंभ होतो. तो दिवाणखान्यात दिसत नाही; दरवाज्यात दिसतो. म्हणून आठांपैकी निदान तीन पात्रे बाहेरची असावीत : मालाडकडील एक खोत, जो कराची दाद मागावयास आला आहे, आफ्रिकेतून आणलेला एक गुलाम, जो सर्व ऐकतो व ज्याकडे कोणी पाहत नाही, आणि ठाण्याहून आलेला एक शिपाई, ज्यापाशी बातमी आहे. या पात्रांची टिंगल होऊ देऊ नये. लाजरसासारखा मनुष्य दाराशी पडलेला असावा व श्रीमंताने त्यास ओलांडून जावे, यातच त्या कथेचा सारा अर्थ आहे.

येथे ख्रिस्ती या नात्याने एक गोष्ट मोकळेपणी सांगणे मला प्राप्त आहे. त्या राजवटीने हिंदूंच्या जाहीर धर्मविधींवर बंदी घातली होती व प्रजेस अनेक प्रकारे पीडा दिली होती. अणजूरचे गंगाजी नाईक व मालाडचे अंताजी रघुनाथ यांनी पेशव्यांकडे जाऊन दाद मागितली, ती उगीच नव्हे. राज्य करणारे आपल्या धर्माचे होते म्हणून त्यांचा अन्याय झाकणे हे ख्रिस्ताच्या शिष्यास शोभत नाही. मुलांनी दोन्ही बाजूंची पात्रे घ्यावीत. शक्य तर ख्रिस्ती मुलाने खोताचे व हिंदू मुलाने उमरावाचे सोंग घ्यावे. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची याहून चांगली सवय मला ठाऊक नाही.

४. घटिका व घंटा

रात्रीचे चार भाग करावेत : आगमन, भोजन, नृत्य व पहाट. प्रत्येक भागास अर्धा तास द्यावा व भाग संपताच घंटा वाजवावी. प्रत्येक घंटेबरोबर बाहेरची एक बातमी आत यावी, आणि ती उत्तरोत्तर गंभीर व्हावी : प्रथम, किल्ल्याच्या मजुरांस वेतन मिळाले नाही, मग, खाडीपलीकडे अनोळखी स्वार दिसले, शेवटी, ठाण्याहून मदतीची मागणी. पात्रांनी ऐकले तर उत्तम. न ऐकले तरी घड्याळ थांबू नये. अशा घड्याळामुळे खेळ रेंगाळत नाही आणि दुर्लक्षाची किंमत स्पष्ट होते.

५. फासे

प्रत्येक वाक्यास फासे टाकू नयेत. मुलगा खरोखर पटण्याजोगे बोलला तर त्याचे काम होऊ द्यावे. संशय असेल तेथे दोन फासे टाकावेत. बेरीज ८ किंवा अधिक आल्यास यश. दोन फाश्यांची एकंदर दाने ३६. त्यांत ८ वा अधिकची १५. पात्र त्या कलेत निपुण असेल तर बेरजेत १ मिळवावा. मग यशाची दाने २१ होतात. दोन मिळविल्यास २६. केवळ एका अंकाने यशापयशाचे पारडे कसे फिरते, हे इयत्ता नववीच्या मुलांस येथे जितके चटकन कळते तितके फळ्यावर कळत नाही. अपयश आल्यास ‘काही झाले नाही’ असे कधी म्हणू नये. काम फसले की नवी अडचण उभी राहावी. चिठ्ठी चोरताना फासा पडला नाही, तर चिठ्ठी हाती येईल, पण कोणीतरी पाहील.

६. सूत्रधाराचे कर्तव्य

खेळ आरंभण्यापूर्वी सर्वांस सांगावे की कोणासही प्रसंग असह्य वाटल्यास हात वर करावा. खेळ तत्क्षणी थांबेल व कारण विचारिले जाणार नाही. जातीवरून वा धर्मावरून अपशब्द पात्राच्या तोंडीही नसावेत. भोजनाच्या वेळी खरोखर काही खावयास असावे. कोकमाचे सरबत व एखाद्या ईस्ट इंडियन घरचे फुगे यांनी आमचे काम उत्तम झाले. खेळ संपल्यावर पंधरा मिनिटे बसून प्रत्येकाने सोंग उतरवून बोलावे : मी काय केले व का केले?

पहाट

दुसऱ्या खेपेस या नियमांनी खेळ मांडिला. यजमानाचे सोंग घेणारा मुलगा स्वभावाने अत्यंत दयाळू आहे. शिपाई त्याच्यापाशी तीन वेळा आला, तिन्ही वेळा तो हसून म्हणाला, “उद्या पाहू.” त्यास दुष्टपणा करावयाचा नव्हता, केवळ नृत्य सुरू होते व पाहुणे पाहत होते. शेवटची घंटा झाली. मी राखेच्या बुधवारची पहाट वर्णिली आणि पुढील इतिहास सांगितला : महिन्याभरात ठाणे पडले, इ. स. १७३९ च्या मे महिन्यात दीर्घ वेढ्यानंतर वसईही चिमाजीअप्पांच्या स्वाधीन झाली. तेथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यांतील एक आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आहे. तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मला वाटले होते की वाईट लोकांचे राज्य जाते. मी तर वाईट नव्हतो. मी फक्त दार उघडले नाही.”

पालकांनी विचारावे की ह्या खेळातून मुलांस काय लाभते, तर मी त्यांस ह्या मुलाचे उत्तर सांगेन. जलशाची आखणी करिताना शोभा शेवटी करावी. प्रथम दरवाजा काढावा, आणि त्याबाहेर कोण उभे आहे ते ठरवावे. ज्यांस पुढील वर्षी सूत्रधार व्हावयाचे असेल त्यांनी सुट्टीत एकदा वसईचा कोट पाहून यावा, व येताना वहीत त्याच्या दरवाज्यांचे नकाशे काढून आणावेत.