कल्पित देशाचे नवे नागरिक

संगणकावरील ज्या खेळांत खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन कल्पित देशांत वावरतो, त्यांत ‘एल्डर स्क्रोल्स’ मालेचें नांव मोठें. तिचा पांचवा खेळ ‘स्कायरिम’ अमेरिकेंत २०११ सालीं निघाला. सहाव्याची घोषणा जून २०१८ मध्यें झाली. इतक्या अवकाशांत मागण्या वाढल्या यांत नवल नाहीं.

देश अधिक विस्तीर्ण असावा, ही त्यांतली गौण मागणी. खरें शल्य निराळें आहे. ‘स्कायरिम’मध्यें खेळाडू विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचा प्रमुख होतो, आणि तोहि चारदोन मंत्रांच्या भांडवलावर! तोच पुढें चोरांचा नायक होतो, मारेकऱ्यांचा म्होरक्याहि होतो. त्याच्या हातून प्रत्यक्ष सम्राटाचा वध झाला तरी राज्याचा गाडा जवळजवळ पूर्ववत् चालतो. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्यें बढतीसाठीं त्या त्या विद्येंत ठराविक प्रावीण्य लागे, आणि तीन थोर घराण्यांपैकीं एकाचाच आश्रय घेतां येई. वाटहि लोकांच्या सांगण्यावरून शोधावी लागे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’पासून होकायंत्रावरील खूणच ती दाखवूं लागली. चुकणें कमी झालें, पण लोकांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकण्याचें कारणहि उरलें नाहीं.

स्वतः मंत्र रचण्याची सोय ‘स्कायरिम’नें काढून टाकली, ती परत यावी असा पुष्कळांचा आग्रह आहे. (तिच्या जोरावर खेळाचा तोल बिघडविणारेहि थोडे नव्हते.) तलवारीच्या घावास वजन नाहीं, ही तक्रार जुनीच. परंतु ती दूर करणें त्या मानानें सोपें. एका पक्षाचें दार उघडतांना दुसऱ्याचें बंद करावयाचें, तर कित्येक प्रसंग दोनदां लिहावे लागतात, आणि त्यांतील निम्मे बहुतेकांच्या दृष्टीसहि पडत नाहींत.