पाण्याचा ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद म्हणजे एखाद्या गावाच्या शिवारात वर्षभरात किती पाणी पडले, त्यातील किती मुरले व साठले आणि त्यातून माणसे, जनावरे व पिके यांना किती देता येईल, याचा रब्बीच्या पेरणीपूर्वी मांडलेला हिशोब होय. त्याला जलअंदाजपत्रक असेही म्हणतात. भूजल न उपसून टाकता आणि डोंगर उघडे न पाडता गावाचे उत्पन्न वाढवावे, हा त्यामागील हेतू आहे. महाराष्ट्रात ही पद्धत प्रामुख्याने अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावामुळे परिचित झाली.

गरज

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर आटतात. जमिनीखालचे पाणी मात्र बांध ओळखत नाही. एका शेतकऱ्याने खोल विंधन विहीर (बोअर) घेतली की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली जाऊ शकते. मग शेजारीही त्याहून खोल बोअर घेतो. या चढाओढीत प्रत्येकाचा खर्च वाढतो. एकूण पाणी मात्र वाढत नाही. जमिनीच्या मालकीबरोबर तिच्याखालील पाणी उपसण्याची मुभा मिळते, ही जुनी कायदेशीर धारणा या चढाओढीच्या मुळाशी आहे.

हिशोबाची रीत

मूळ गणित सोपे आहे. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते. सुमारे ९७५ हेक्टरांच्या गावात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर शिवारावर पडलेले पाणी ३९० कोटी लिटर होते. आकडा मोठा दिसतो. पण त्यातील बराचसा भाग बाष्पीभवनाने उडून जातो, काही माती धरून ठेवते आणि काही ओढ्यांतून वाहून जाते. उदाहरणापुरते दहावा हिस्सा भूजलात मुरला असे धरले, तर विहिरींच्या वाट्याला ३९ कोटी लिटर येते. बाराशे लोकवस्तीला माणशी दररोज ५५ लिटर दिल्यास वर्षाला सुमारे अडीच कोटी लिटर पुरतात. म्हणजे पिण्याचे पाणी ही या हिशोबातील लहान बाब आहे. खरा प्रश्न पिकाचा असतो. उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. उरलेले सर्व पाणी उसाला दिले तरी वीस हेक्टरही भिजत नाहीत. एक-दोन पाळ्यांवर येणारी रब्बी ज्वारी त्याच पाण्यात कितीतरी अधिक शेतकऱ्यांच्या रानात उभी राहते.

प्रत्यक्षात पर्जन्यमापकावरील नोंदी, निरीक्षण विहिरींची पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पातळी आणि तलाव-बंधाऱ्यांतील साठा यांवरून जमेची बाजू ठरते. खर्चाच्या बाजूस प्रथम माणसे व जनावरे, नंतर शेती असा क्रम असतो. काही हिस्सा पुढील वर्षासाठी जमिनीतच राखला जातो.

हिवरे बाजार

हिवरे बाजार पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची अवस्था खालावत गेली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतरच्या काळात श्रमदान व शासकीय योजना यांच्या आधारे डोंगरउतारांवर समतल चर, ओढ्यांवर बंधारे आणि वृक्षलागवड अशी कामे झाली. पुढे गावाचा समावेश राज्याच्या आदर्श गाव योजनेत झाला.

हिवरे बाजारचे वेगळेपण बंधाऱ्यांत नाही. तसे बंधारे राज्यभर आहेत आणि त्यांतील अनेक गाळाने भरले आहेत. वेगळेपण ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांत आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही सूत्रे राळेगण सिद्धीपासून परिचित होती. हिवरे बाजारने त्यांना सिंचनासाठीच्या बोअरवरील बंदीची जोड दिली. ऊस व केळी यांसारखी अधिक पाणी पिणारी पिके टाळायची आणि गावची जमीन बाहेरच्यांना विकायची नाही, असेही ठरले. आकडेवारीचा ताळेबंद त्यानंतर, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साहाय्याने नियमितपणे मांडला जाऊ लागला. हा क्रम महत्त्वाचा आहे. नियम पाळण्याची सवय गावाला आधीच झालेली असल्यामुळे हिशोबाला अर्थ आला. पाऊस कमी झालेल्या वर्षी रब्बीचे क्षेत्र घटवण्याचा किंवा कमी पाण्याचे पीक घेण्याचा निर्णय ग्रामसभेत होतो.

मोकाट चराई थांबल्यावर डोंगरावर गवत वाढले. ते कापून आणण्याची मुभा असल्याने गोठ्यातील पशुपालन वाढले आणि गावाचे दूध दिवसाला सुमारे दीडशे लिटरवरून काही हजार लिटरवर गेले. कांदा, भाजीपाला व दूध ही उत्पन्नाची मुख्य साधने ठरली. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परतली. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

अन्य प्रयोग

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला होता. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार दिला जाई, भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क मान्य होता आणि ऊस वर्ज्य होता. समन्यायाच्या दृष्टीने हा प्रयोग हिवरे बाजारच्या पुढचा म्हणावा लागतो, जरी प्रसिद्धी त्याच्या वाट्याला कमी आली.

आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांनी स्वतः भूजल मोजण्याचा एक मोठा प्रकल्प दुष्काळप्रवण जिल्ह्यांतील शेकडो गावांत राबवला गेला. तेथे बंदी नव्हती. पेरणीपूर्वी गावासमोर हिशोब मांडला जाई आणि पिकाची निवड शेतकऱ्यावर सोपवली जाई.

कायदा व शासकीय योजना

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतींनी जलअंदाजपत्रक व जलसुरक्षा आराखडा करणे अपेक्षित आहे. त्यामुळे पूर्वी मोजक्या गावांत मांडला जाणारा हिशोब सरकारी कामकाजाचा भाग झाला. कागदावर तो भरणे सोपे असते. बागायतदाराला त्याचा बोअर बंद ठेवायला सांगणे अवघड असते.

मर्यादा व आक्षेप

चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर सर्वाधिक पडतो. गोठ्यात गाय बांधून चारा कापून आणणे जमीन व भांडवल असलेल्यास परवडते. भूमिहीनाच्या हाती मजुरी किंवा एखादे दुभते जनावर एवढेच उरते. पाणी वाढल्याचा लाभ विहीर असलेल्यांना आधी मिळतो, ही बहुतेक पाणलोट कार्यक्रमांवरील जुनी टीका येथेही लागू पडते.

दुसरी अडचण यशातूनच निर्माण होते. पाणी दिसू लागले की फळबागा व नगदी पिकांकडे ओढा वाढतो. बागांना वर्षभर पाणी लागत असल्याने कमी पावसाच्या वर्षी त्यांचे क्षेत्र ज्वारीसारखे घटवता येत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी मूळ कल्पनेप्रमाणे पावसाच्या पाण्याने भरायची. अनेक ठिकाणी ती विहिरी व बोअरच्या पाण्याने भरली जातात. सामाईक भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हाळ्यात त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो. ताळेबंदात या उपशाची वेगळी नोंद न केल्यास हिशोब चुकतो.

ग्रामसभेचा ठराव गावाच्या शिवेपर्यंतच चालतो, तर भूजलधारक खडक अनेकदा दोन-तीन गावांखाली पसरलेला असतो. शेजारच्या गावाने खोल बोअर घेतल्यास ताळेबंद पाळणाऱ्या गावाची शिल्लकही घटू शकते. याच कारणाने भूजल अधिनियमात गावाऐवजी पाणलोट क्षेत्राच्या स्तरावर समित्यांची तरतूद करण्यात आली आहे.