माघारीनंतरचा पंधरवडा

२०२४ साली महाराष्ट्र विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत नेमकी धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला संपली आणि अर्ज मागे घेण्याची मुदत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता. त्यामुळे त्या वर्षीची दिवाळी राज्याच्या २८८ मतदारसंघांत फराळापेक्षा मनधरणीचीच अधिक झाली. पक्षाच्या ए-बी फॉर्मवर आपले नाव नाही हे कळताच रागाच्या भरात अपक्ष अर्ज ठोकून आलेला कार्यकर्ता, रात्री उशिरा त्याच्या ओसरीवर येऊन बसणारे जिल्ह्यातले वडीलधारे पुढारी, जिल्हा परिषदेच्या किंवा बाजार समितीच्या एखाद्या जागेविषयी नुसते सुचवून ठेवलेले शब्द, आणि शेवटच्या दिवशी सकाळपासून मुद्दाम बंद करून ठेवलेला मोबाइल, हा सारा व्यवहार कोणत्याही जाहीर सभेत दिसत नाही. परंतु ज्यांनी निवडणुका जवळून पाहिल्या आहेत ते जाणतात, की तीन वाजून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीचे दार लागले म्हणजे निम्मी निवडणूक होऊन गेलेली असते.

उरलेल्या निम्म्या निवडणुकीला आपण प्रचार म्हणतो. माघारीची तारीख आणि मतदानाचा दिवस यांत पूर्वी किमान वीस दिवसांचे अंतर असे. १९९६च्या दुरुस्तीने ते चौदावर आले आणि त्यातूनही मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. राज्यातील मतदार ९ कोटी ७० लाखांच्या घरात, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक. तेव्हा प्रत्येकाला नुसता नमस्कार करायचा म्हटला तरी उमेदवाराला दिवसाकाठी वीस-पंचवीस हजार वेळा हात जोडावे लागतील. हे अशक्य आहे हे उमेदवारासही ठाऊक असते आणि मतदारासही. मग हा एवढा खटाटोप कशासाठी चालतो, असा प्रश्न शहरातल्या सुशिक्षित वाचकाला पडतो, आणि भाषणे ऐकून मत ठरवणारा मतदार डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे त्याला त्याचे उत्तर सापडत नाही.

माझ्या मते प्रचाराचा पहिला श्रोता मतदार नसून कार्यकर्ता असतो. गावभेटीचा दौरा पाहावा. ग्रामदैवतापुढे नारळ फुटतो, पाच सुवासिनी औक्षण करतात, हलगी वाजते, पारावर दहा मिनिटांचे भाषण होते आणि त्या भाषणात काय सांगितले हे संध्याकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते निराळेच. उमेदवाराच्या उजव्या हाताला सरपंच होता की माजी सरपंच, सोसायटीचा चेअरमन आला की पाहुण्याचे निमित्त काढून परगावी गेला, चहा कोणत्या भावकीच्या घरी झाला, आणि गेल्या महिन्यात ज्या घरी मयत झाले त्या घरी उमेदवार चार पावले चालून गेला की गाडीतूनच पुढे निघाला, याची नोंद गाव बिनचूक ठेवते. ज्या माणसाने भर चावडीवर उमेदवाराच्या गळ्यात हार घातला, तो आता मतदानाच्या दिवशी घरी बसू शकत नाही; यादीची पाने हातात घेऊन मयत कोण, दुबार कोण, पुण्या-मुंबईस गेलेले कोण हे त्यालाच ठरवावे लागते, आणि त्या पुण्या-मुंबईकरांना आणायचे कसे हा अवघड प्रश्नही त्याच्याच गळ्यात पडतो, कारण मतदारांची फुकट ने-आण करणे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये भ्रष्ट आचरणात मोडते.

पंधरवड्यात अशी माणसे उभी करता येतात, पण निर्माण करता येत नाहीत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६२पासून २०१४पर्यंत अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती, आणि दुष्काळी तालुक्यात पाण्याच्या प्रश्नाला धरून राहण्याची चिकाटी. त्यांचा प्रचार निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहत नसे. तरीही १९९५ साली त्यांचा पराभव झाला, आणि तो अवघ्या १९२ मतांनी. पुढे २०१९ला ते स्वतः उभे राहिले नाहीत तेव्हा त्यांचे नातू ७६८ मतांनी पडले. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली प्रदेश काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले, हे तर सर्वश्रुत आहे. एखाद्या वस्तीवरचा एक रुसलेला कार्यकर्ता एवढी मते सहज फिरवतो, आणि नुसता घरी बसला तरी पुरतो.

कायदा मात्र या माणसांकडे पाहत नाही, तो रुपयांकडे पाहतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२पासून ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, म्हणजे दर मतदारामागे बारा रुपयांच्या आसपास. त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. मिळणारी नोंदवही तीन रंगांची असते: रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. चहाचा कप, वडापाव, खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतो. त्यामुळे समर्थकाने चहा फुकट पाजला असे म्हणून सुटका होत नाही. शिवाय निरीक्षकाचे पथक आपली एक समांतर छाया नोंदवही ठेवते आणि प्रचारकाळात किमान तीन वेळा दोन्ही वह्या ताडून पाहते. व्यवस्था कागदावर चोख आहे. पण मान्यताप्राप्त पक्षाने नेमलेल्या चाळीस मुख्य प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबी धरला जात नाही, हे हेलिकॉप्टर उतरताना उडालेल्या धुळीत आपण विसरतो. आणि प्रचार थंडावल्यावरच्या दोन रात्रींत जे ‘लक्ष्मीदर्शन’ घडते, त्यासाठी नोंदवहीत कोणत्याच रंगाचे पान नाही. म्हणून मला ही वही निरर्थक वाटते असे नाही. चार-पाच कार्यकर्ते आणि दोन रिक्षा घेऊन लढणाऱ्या अपक्षाला तिचा जाच सर्वांत अधिक होतो, एवढेच.

त्या अपक्षाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, याला दहा लागतात. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांची नावे आधी, नंतर नोंदणीकृत पक्षांची आणि अपक्ष सर्वांत शेवटी. चिन्ह त्याला माघारीनंतर मिळते, म्हणजे शिट्टी की कपबशी हे लोकांना सांगण्यासच त्याचा पंधरवडा जातो. यांतले काही जण दुसऱ्याच्या सोयीसाठी, प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी जुळणारे नाव असल्यामुळे उभे केलेले असतात, हे खरे; तो घोळ टाळण्यासाठीच २०१५पासून मतपत्रिकेवर छायाचित्र छापू लागले. परंतु काही जण केवळ एखाद्या रखडलेल्या कालव्याचा प्रश्न बोलून दाखवण्यासाठी अनामत भरतात. ही अनामत १९५१च्या कायद्यात २५० रुपये होती. आज ती दहा हजार आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती सरकारजमा होते.

निकालाच्या दिवशी गुलाल उधळून झाला, की विजयी आमदार मुंबईची वाट धरतो. हरलेल्यालाही आणि अनामत गमावलेल्यालाही निकालापासून तीस दिवसांत आपला संपूर्ण जमाखर्च पावत्यांसह जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दफ्तरी दाखल करावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो केला नाही, तर निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मंडपवाल्याची उधारी त्यापूर्वीच दारात येऊन उभी असते.