खिशातल्या रेकॉर्डरची वीस वर्षं

गाणं जपून ठेवावं असं ध्वनिमुद्रण करणारं यंत्र माईकसकट शर्टाच्या खिशात मावायला २००५-०६ साल उजाडावं लागलं. छोटे डिक्टाफोन त्याआधीही होते, पण त्यांत मुलाखतीतलं बोलणं कसंबसं कळे, गाण्याचा मात्र पार चोथा होई. चांगला आवाज हवा असेल तर स्टेफान कुडेल्स्कीने १९५१ मध्ये आणलेल्या ‘नाग्रा’च्या घराण्यातला टेपरेकॉर्डर खांद्यावर वागवायचा. मग १९८२ मध्ये सोनीचा ‘वॉकमन प्रोफेशनल’ आला, १९८७ मध्ये डॅट ही डिजिटल टेप, १९९२ मध्ये मिनीडिस्क. ओझं हलकं होत गेलं, पण माईक वेगळा घ्यावा लागे. कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपे आणि रंगात आलेला ख्याल तिथेच तुटे. टेप संगणकावर उतरवायची तर ती जितक्या तासांची, तितके तास बसून राहावं लागे.

ही अडचण किती मोठी होती, हे जात्यावरच्या ओव्यांवरून कळतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. संशोधक बर्नार बेल त्यांच्यासोबत आल्यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅट टेपवर ध्वनिमुद्रण झालं, ते सुमारे १२० तासांचं. इतकं मोठं, इतकं निष्ठेनं केलेलं काम. तरी त्यातल्या बहुतेक ओव्या आपल्यापर्यंत शब्दांतूनच पोहोचल्या. गाणारणीने श्वास कुठे घेतला, जात्याची घरघर ओवीला कशी साथ देत होती, हे कागदावर उतरत नाही.

२००५ मध्ये एम-ऑडिओचा ‘मायक्रोट्रॅक’ आला, २००६ मध्ये रोलंडचा ‘एडिरोल आर-०९’. ‘मायक्रोट्रॅक’ची बॅटरी आतच बंद केलेली असे, ती दमली की यंत्रही दमलं. एडिरोलला दोन साधे पेन्सिल सेल पुरत आणि ते कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळत. माझ्या मते हा फरक फार मोलाचा होता. पाठोपाठ झूमचे ‘एच४’ आणि ‘एच२’ आले, आणि २००९ मध्ये सोनीचा ‘पीसीएम-एम१०’. २०१० मध्ये झूमने ‘एच१’ शंभर डॉलरच्या आत विकायला काढला. एक पेन्सिल सेल, नखाएवढं मेमरी कार्ड, वर एकमेकांवर तिरके बसवलेले दोन माईक. ३२ जीबीच्या कार्डावर सीडीच्या दर्जाचं सुमारे ५० तासांचं ध्वनिमुद्रण मावतं, आणि ते संगणकावर काही मिनिटांत उतरतं.

‘हे सगळं आता मोबाईलवर होतंच की,’ असं अनेकजण म्हणतात. बोलण्यापुरतं होतं, हे मान्य. पण गाण्याच्या क्लासमध्ये एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा. फोनमधली बरीचशी अॅप माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून ती तो दाबतात. तंबोरा नेमका तसाच, अखंड वाजणारा. गाणारा थांबला की तंबोरा विरत जातो, पुन्हा आलाप सुरू झाला की कुठूनतरी उगवतो. आवाजाची पातळी आपोआप ठरवू दिली तर आणखी पंचाईत होते. शांततेत यंत्र कान टवकारून बसतं आणि पखवाजाची पहिली थाप फाटून येते. रेकॉर्डरवर ही सोय बंद करता येते. सगळ्यात मोठ्या तिहाईला काटा उणे सहा डेसिबलच्या पुढे जाणार नाही इतकी लेव्हल एकदा लावली की झालं. तालीम घेणाऱ्यासाठी ही चैन नाही, गरज आहे. सुराला सूर लागला की नाही हे घरी जाऊन पारखायचं, तर तंबोरा जागच्या जागी असायला हवा.

सिनेमावाल्यांना या रेकॉर्डरची ओढ वेगळ्या कारणाने लागली. २००८ मध्ये कॅननचा ‘५डी मार्क टू’ कॅमेरा आला आणि हौशी दिग्दर्शकांना सिनेमासारखं चित्र स्वस्तात मिळू लागलं, आवाज मात्र सुमार. मग झूमचा ‘एच४एन’ शेजारी ठेवायचा, शॉटआधी टाळी वाजवायची आणि संकलनात ती टाळी जुळवून चित्र-आवाज एक करायचे. कमी पैशांत लघुपट करणाऱ्यांची एक पिढी या टाळीवर शिकली. २०२० मध्ये शिकवण्या घरून सुरू झाल्या, तेव्हा यूएसबीची वायर जोडून हाच रेकॉर्डर संगणकाचा माईक झाला.

उणिवाही सांगायला हव्यात. वाऱ्याची झुळूक आली तरी माईकमध्ये वादळ होतं, म्हणून केसाळ टोपी लागतेच. हातात धरला तर बोटांची हालचालही ऐकू येते. छोट्या तिपाईवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. लेव्हलची धास्ती मात्र अलीकडे सरली आहे. २०२४ च्या ‘एच१ इसेन्शियल’मध्ये ३२-बिट फ्लोट पद्धत आहे. तीत कुजबुज आणि ढोल दोन्ही टिपले जातात आणि पातळी नंतर ठरवता येते. त्याच मालिकेत मेनू बोलून दाखवणारी सोय आहे, म्हणजे दृष्टिहीन व्यक्ती तो एकट्याने चालवू शकते. ज्या यंत्राचा सगळा व्यवहार कानाशी, त्यात ही सोय यायला एवढी वर्षं लागायला नको होती.

असे आवाज जपण्याचं काम संस्थाही करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मराठी बोली सर्वेक्षणाने राज्यभरच्या बोली ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. पण संस्था प्रत्येक घरात पोहोचणार नाही. तिथे आपणच पोहोचायचं. घरात ओव्या, भारुडं, हादग्याची गाणी येणारं कुणी असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. पंखा आणि फ्रिज बंद करा, रेकॉर्डर हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीलाच गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोला, कारण ‘झूम०००१’ नावाच्या फायलीत कोण गातंय हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. आणि हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.