चिडका झालाय की आजारी?

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात दहावीतलं पोरगं गप्प झालं, की घरचे म्हणतात, ‘मोबाइलनं वाया गेलं.’ नैराश्य म्हटलं की आपल्याला रडका चेहरा आठवतो. किशोरवयात ते अनेकदा चिडचिड होऊन येतं. ताटातली भाकरी अर्धीच राहते, बॅट कोपऱ्यात धूळ खाते, झोप उडते किंवा संपतच नाही. दोन आठवडे जवळपास रोज असं चाललं, तर तो ‘वयाचा दोष’ समजू नये, समुपदेशकाला गाठावं.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. (शब्दातच तो दडून बसलाय, हे दुर्दैव!) समुपदेशक आधी ऐकतो. मग ‘मी नापासच होणार’ हा विचार मुलासोबत पुराव्यानिशी तपासतो आणि रोजचं एक छोटं काम ठरवतो: संध्याकाळी दहा मिनिटं मित्राकडे जाणं, एवढंच. आधी कृती, इच्छा मागून येते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४३९ मुलामुलींवरच्या अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांनी औषध आणि असं समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या समुपदेशनानं ४३ टक्के. तेव्हा आजार तीव्र असेल तर डॉक्टरांच्या गोळीला नाक मुरडू नये.

आणि मरणाची भाषा कानावर आली, तर थेट विचारावं. विचारल्यानं तसं काही डोक्यात शिरत नाही. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री दोन वाजताही लागतो, मराठीत बोलता येतं.